निवृत्तिनाथांचे अश्रू : धाकट्या भावाची आठवण कशी करावी

आज एका प्रश्नाचा आपण मिळून विचार करू. आपल्या पाठीवर जन्मलेला, आपण बोट धरून चालवलेला भाऊ आपल्याआधी गेला, तर मागे राहिलेल्या थोरल्याने काय करावे? रडावे की आवरावे? आठवावे की विसरावे? वारकऱ्याने याबाबतीत कोणाकडे पाहावे?

हा प्रश्न पोथीतून निघालेला नाही, माझ्या घरातून निघाला आहे. म्हणून आधी थोडे घरचे सांगतो. त्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी.

आम्ही दोघे भाऊ बदलापूरचे. मी अंबरनाथला एका कारखान्यात नोकरी केली, धाकटा उल्हासनगरला एका कापड दुकानात हिशेब लिही. सकाळची एकच लोकल दोघांची. मी अंबरनाथला उतरे, तो पुढे जाई. आमच्या डब्यात टाळ घेऊन भजन चाले. सुटीच्या दिवशी मुंबईला जाताना गाडी उल्हासनगर सोडून विठ्ठलवाडी स्टेशनात शिरली की तो डोक्यावरची टोपी काढून हात जोडी. लोक हसत. म्हणत, "अहो, हे स्टेशन आहे, देऊळ नाही." तो म्हणे, "नाव तर त्याचंच आहे ना!" त्याचे स्वतःचे नाव मी इथे लिहीत नाही. नाव घ्यायचे ते पांडुरंगाचे, असे तोच म्हणत असे.

पखवाज त्याला मी शिकवला. तो दहा वर्षांचा, मी सोळाचा. मांडीवर बोल वाजवून घेतले. पुढे त्याचा हात असा बसला की पाच वर्षांत तो माझ्या पुढे गेला. मग सप्ताह असो, एकादशीचे भजन असो, लोक विचारीत, "धाकटे येणार ना?" मला कोणी तसे विचारीत नसे. मी तोंडाने म्हणे, "चांगलंच आहे." पण पोटात कुठेतरी खुपे. हे मी कोणाला सांगितले नव्हते. आज सांगतो.

दोन वर्षांपूर्वीची भाद्रपद वद्य एकादशी. भजनाला बसताना तो म्हणाला, "दादा, आज तू पखवाज घे. मला जरा बरं वाटत नाही, मी टाळ धरतो." मी म्हणालो, "लोकांना तुझाच हात लागतो. तूच वाजव." तो हसला आणि वाजवायला बसला. पहाटेपर्यंत वाजवले. द्वादशीला सकाळी पारणे सोडण्याआधीच छातीत कळ आली आणि तो गेला. वय अठ्ठावन्न.

तेराव्याला एक ओळखीचे गृहस्थ आले. मी रडत होतो. ते म्हणाले, "माळकरी ना तुम्ही? आत्मा अमर आहे हे रोज ऐकता, आणि अज्ञानी माणसासारखे रडता?" मला लाज वाटली. त्या दिवसापासून मी रडणे बंद केले. पण रडणे बंद झाले तसे भजनही बंद झाले. टाळ हातात घेववेना, हरिपाठ तोंडात येईना. त्याचा पखवाज गवसणीत घालून कोपऱ्यात ठेवला तो तसाच. त्या वर्षी कार्तिकीला आळंदीसही गेलो नाही.

पुढच्या कार्तिकात घरच्यांच्या आग्रहाने गेलो. वद्य त्रयोदशीचा दिवस, माउलींच्या समाधीचा. देवळात नामदेवरायांच्या वंशातील नामदास महाराजांचे कीर्तन परंपरेने होते, ते चालू होते. समाधीचा प्रसंग आला. दुपारचे बारा वाजले, फुले उधळली, आणि सगळा मंडप रडू लागला. मी मात्र ओठ दाबून उभा होतो. शेजारी एक म्हातारी माउली होती, नऊवारी नेसलेली, डोक्यावर तुळस. तिने माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "रड बाबा, रड. निवृत्तिदादांनाही आवरलं नव्हतं."

एवढेच ती बोलली. पण त्या एका वाक्याने मला अभ्यासाला बसवले. घरी येऊन नामदेवरायांची गाथा काढली, समाधीचे प्रकरण वाचले, जाणत्यांना विचारले. जे हाती लागले ते क्रमाने मांडतो.

चार भावंडे

आपेगावचे विठ्ठलपंत आणि आळंदीच्या रुक्मिणीबाई यांची ही चार मुले. प्रचलित परंपरेप्रमाणे निवृत्तिनाथांचा जन्म शके ११९५ (इ. स. १२७३), ज्ञानदेवांचा शके ११९७, सोपानदेवांचा शके ११९९ आणि मुक्ताबाईंचा शके १२०१. दुसरी एक परंपरा ११९०, ११९३, ११९६, ११९९ असे शक सांगते. कोणतीही धरली तरी दोन-तीन वर्षांच्या अंतराची ही चार लेकरे.

विठ्ठलपंतांनी संन्यास घेऊन गुरूच्या आज्ञेने पुन्हा संसार केला, म्हणून गावाने कुटुंबाला वाळीत टाकले. प्रायश्चित्त म्हणून आईबापांनी देह टाकला. मागे राहिली ती चार पोरे. त्यांतला थोरला निवृत्ती. म्हणजे निवृत्तिनाथांना भाऊपण नुसते मिळाले नाही. आईबापांचे ओझेही त्यांच्याच खांद्यावर आले. ज्याने धाकट्याला भिक्षेतला घास आधी दिला असेल, तो त्याला नुसता भाऊ कसा समजेल? त्याच्यासाठी तो लेकरूच.

थोरला गुरु, धाकटा माउली

पुढे ब्रह्मगिरीवर निवृत्तिनाथांना गहिनीनाथांचा अनुग्रह झाला, आणि तो ठेवा त्यांनी ज्ञानदेवांना दिला. आदिनाथ, मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती, ज्ञानदेव असा हा क्रम आहे. भाऊ होता तो गुरु झाला.

शके १२१२ (इ. स. १२९०) मध्ये प्रवरेच्या काठी नेवाशाला ज्ञानदेवांनी गीतेवर टीका सांगितली. सुमारे नऊ हजार ओव्या. त्यांत ठिकठिकाणी, विशेषतः अध्यायांच्या आरंभी, श्रीगुरूंची स्तुती आहे. पहिली कालगणना धरली तर सांगणारा पंधरा वर्षांचा आणि ज्याची स्तुती चालली आहे तो सतरा वर्षांचा! आपल्या घरात पंधरा वर्षांचा भाऊ सतरा वर्षांच्या भावाचे ऐकत नाही, आणि इथे धाकटा सगळे कर्तृत्व थोरल्याच्या पायाशी ठेवतो.

आता दुसरी बाजू पाहा. जगाने माउली म्हटले ते कोणाला? धाकट्याला. ग्रंथ कोणाच्या नावाचा? धाकट्याच्या. कार्तिकात लाखो पावले वळतात ती आळंदीला. गुरूपेक्षा शिष्य, थोरल्यापेक्षा धाकटा लोकांच्या जास्त ओठावर आला. निवृत्तिनाथांनी याचे कधी वाईट वाटून घेतल्याची खूण एका तरी अभंगात सापडते का? नाही. उलट आपले सर्वस्व त्याच्यात ओतून ते मागे उभे राहिले.

इथे मी थांबलो. पाच वर्षांत पुढे गेलेला माझा धाकटा आठवला, आणि "लोकांना तुझाच हात लागतो" हे माझे वाक्य आठवले. ते वाक्य थोरल्या भावाचे नव्हते, असूयेचे होते. आज ते मला परत घेता येत नाही. म्हणून ज्यांचे धाकटे भाऊ जिवंत आहेत त्यांना हात जोडून सांगतो, धाकट्याचे मोठेपण त्याच्या तोंडावर, त्याला ऐकू जाईल असे बोलून घ्या. नंतर बोललेले आपल्यालाच ऐकू येते.

समाधीचा प्रसंग

शके १२१८ (इ. स. १२९६), कार्तिक वद्य त्रयोदशी. स्थळ आळंदी, इंद्रायणीचा काठ, सिद्धेश्वराचे सान्निध्य. ज्ञानदेवांचे वय अवघे एकवीस. नामदेवराय तिथे होते. त्यांनी आदि, तीर्थावळी आणि समाधी अशा तीन प्रकरणांत ज्ञानदेवांचे चरित्र गायिले आहे. त्यांतले समाधीचे प्रकरण म्हणजे डोळ्यांनी पाहिलेल्याने केलेले वर्णन, अशी आपल्या संप्रदायाची श्रद्धा आहे.

त्यात काय आहे? संतांचा मेळा जमला आहे. नामदेवांच्या मुलांनी जागा झाडून स्वच्छ केली आहे. एका बाजूने प्रत्यक्ष पांडुरंग, दुसऱ्या बाजूने निवृत्तिनाथ ज्ञानदेवांचा हात धरून त्यांना आसनावर बसवतात. मग ते बाहेर येतात आणि समाधीच्या दारावर शिळा बसवतात.

आणि त्याच प्रकरणात निवृत्तिनाथांचा शोक आहे. नामदेवराय तो शेतकऱ्याच्या, गुराख्याच्या भाषेत सांगतात. तळ्याचा बांध फुटावा आणि पाणी वाटेल तिकडे धावावे, पेंढीचा बंद तुटून गवत माळावर पांगावे, आई नाहीशी झालेली पाडसे दिशादिशांना भटकावीत, तशी आमची गत झाली असे ते म्हणतात. आणि सगळ्यांत जिवाला लागणारी गोष्ट अशी, की आईबाप सोडून गेले तेव्हाही असे संकट वाटले नव्हते, असे ते सांगतात.

विचार करा, हे कोण म्हणतो? ज्याने लहानपणी आईबाप गमावले तो. ते दुःख ज्याने पचवले त्याचा बांध इथे फुटला. कारण आईबाप गेले तेव्हा पाठीशी तीन भावंडे होती. त्यांना सांभाळायचे म्हणून रडायला सवड नव्हती. ज्याला सांभाळले तोच गेला, तेव्हा मागचे आणि पुढचे दोन्ही दुःख एकदम आले. थोरल्या भावाच्या शोकाची ही खरी जात आहे.

शंका आणि समाधान

आता शंका अशी येते : निवृत्तिनाथ तर सिद्ध, ज्ञानियांच्या राजाचे गुरु. त्यांनी रडावे हे ज्ञानाला शोभते का? भगवंतांनी गीतेच्या दुसऱ्या अध्यायात, जाणते लोक गेलेल्यांचा शोक करीत नाहीत असे अर्जुनाला सांगितले आहे. मग हे कसे जुळवावे?

माझ्या अल्पमतीला जे सुचते ते असे.

एक. अर्जुनाचा शोक आणि निवृत्तिनाथांचा शोक यांत फरक आहे. शोक झाल्याबरोबर अर्जुनाच्या हातातून धनुष्य गळाले. जे काम समोर होते ते त्याने टाकले, आणि टाकण्यालाच धर्म म्हणू लागला. भगवंतांनी झाडला तो हा मोह. निवृत्तिनाथांच्या डोळ्यांत पाणी होते, पण हात थांबले नाहीत. लाडक्या भावाचा हात धरून त्याला आत नेले, स्वतःच्या हाताने शिळा लावली. डोळे रडतात आणि हात आपले काम करतात, त्या शोकाला प्रेम म्हणावे. हात काम टाकून देतात तो मोह. तेव्हा आपला शोक कोणता, हे डोळ्यांवरून ठरवू नये. हातांकडे पाहावे.

या कसोटीने मी स्वतःला तपासले. माझे डोळे कोरडे होते म्हणून मी स्वतःला ज्ञानी समजत होतो. पण टाळ खाली पडला होता, हरिपाठ सुटला होता, पखवाज कोपऱ्यात होता. धनुष्य गळाले होते ते माझेच. डोळे कोरडे ठेवून मी मोहातच बसलो होतो.

दोन. रडणे हा डाग असता तर नामदेवरायांनी तो गायिला नसता. गुरूचे अश्रू झाकून ठेवणे सोपे होते. तसे न करता त्यांनी ते अभंगात घातले, आणि सातशे वर्षांहून अधिक काळ ते लोकांच्या स्मरणात राहिले आहेत. लक्ष्मण रणात निपचित पडला तेव्हा प्रभू रामचंद्रांनी केलेला विलापही वाल्मीकींनी लपवला नाही. आपली परंपरा अश्रूंना लाजत नाही.

तीन. ज्ञानदेव कुठे गेले नाहीत, ते संजीवन आहेत, हे निवृत्तिनाथांना आपल्यापेक्षा जास्त ठाऊक होते. पण उद्या सकाळी "दादा" म्हणून हाक येणार नाही, हेही त्यांना ठाऊक होते. पहिले ज्ञान खरे आणि दुसरे दुःखही खरे. एकाने दुसरे खोटे पडत नाही.

पुढे काय झाले

निवृत्तिनाथांची गोष्ट शिळेपाशी संपत नाही. अजून दोन भावंडे होती. पुढच्याच महिन्यात, मार्गशीर्ष वद्य त्रयोदशीला, कऱ्हेच्या काठी सासवडला सोपानदेवांनी समाधी घेतली. म्हणजे दुसरा धाकटाही गेला. मग वैशाख वद्यात तापीच्या काठी कडाडलेल्या विजेत मुक्ताबाई अंतर्धान पावल्या. ज्येष्ठ वद्यात त्र्यंबकेश्वरी, जिथे गुरुकृपा झाली त्या ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी, निवृत्तिनाथांनी समाधी घेतली. कार्तिक ते ज्येष्ठ, सुमारे सात महिने. जन्माला आधी आलेला सर्वांच्या शेवटी गेला. सर्वांना मार्गी लावल्यावरच थोरला मोकळा झाला.

येथे एक खुलासा केला पाहिजे. ही संतांची समाधी आहे, तो योगमार्गाचा अधिकार आहे. शोकाने खंगून देह टाकणे याचा त्याच्याशी काही संबंध नाही. आपण प्रापंचिकांनी त्यातून घ्यायचे ते एवढेच, की गेलेल्यासाठी रडताना राहिलेल्यांकडे पाठ करू नये. माझ्या भावाची बायको, त्याची दोन मुले माझ्यासमोर होती, आणि मी वर्षभर माझ्याच खोलीत होतो. मुक्ताबाईंनी रुसलेल्या ज्ञानदेवांना ताटी उघडायला सांगितले हे आपण सगळे जाणतो. सर्वांत धाकट्या बहिणीने थोर भावाला दार उघडायला लावले. दुःखातही कोणी धाकट्याने दार वाजवले तर ते उघडावे.

कान्होबांचे भांडण

आपल्या संप्रदायात याच्या उलट बाजूचेही उदाहरण आहे. तुकोबारायांचे धाकटे बंधू कान्होबा. सावकारीच्या रोख्यांचे दोन भाग करून तुकोबांनी कान्होबांचा भाग त्यांना दिला आणि आपला भाग इंद्रायणीत बुडवला ही कथा सर्वश्रुत आहे. स्वतःला वैराग्य आले म्हणून धाकट्याच्या पोटावर पाय दिला नाही, हे थोरलेपण.

शके १५७१ (इ. स. १६५०) च्या फाल्गुन वद्य द्वितीयेला तुकोबा गेले. तेव्हा कान्होबांनी जे अभंग केले ते गाथेत आहेत. त्यांत ते देवाशी सरळ भांडतात, माझा भाऊ मला परत दे म्हणतात. देवावर इतका राग करावा का? कान्होबांनी केला, आणि तो गाथेत राहिला. ज्याच्याशी नाते नाही त्याच्याशी कोणी भांडत नाही. देवाशी भांडणारा अजून देवाच्या दारातच उभा असतो. दार सोडून निघून गेलेला मी होतो.

आपल्या गावचे दोन दाखले

अंबरनाथचे शिवमंदिर आमच्याकडच्या सर्वांनी पाहिलेले आहे. वालधुनीच्या काठी काळ्या दगडाचे, आत गाभाऱ्यात वीसएक पायऱ्या खाली उतरून जावे लागते असे. तिथला शिलालेख शके ९८२ (इ. स. १०६०) चा, शिलाहार राजा मुम्मुणी याच्या काळातला. छित्तराज, नागार्जुन आणि मुम्मुणी हे तिघे भाऊ एकामागून एक गादीवर आले. मंदिराचा आरंभ थोरल्या छित्तराजाच्या काळी झाला आणि ते मुम्मुणीच्या काळी पुरे झाले, असे अभ्यासक मानतात. एका भावाने लावलेला दगड दुसऱ्या भावाने वर नेला. त्यांच्या मनात काय होते हे दगड सांगत नाहीत. पण गेलेल्या भावाचे अर्धे राहिलेले काम पुरे करणे ही आठवणीची एक रीत आहे, एवढे ते देऊळ मला शिकवून गेले. तीस वर्षे त्याच गावात कामाला जात होतो. पाहिले मात्र आता.

दुसरा दाखला उल्हासनगरचा. १९४७ साली फाळणी झाली तेव्हा सिंधमधून आलेली हजारो कुटुंबे कल्याणजवळच्या लष्करी छावणीत उतरली. १९४९ साली त्या वस्तीला उल्हास नदीवरून उल्हासनगर हे नाव मिळाले. माझा भाऊ ज्या दुकानात होता त्याचे म्हातारे शेठ त्यांतलेच, तेव्हा आठ वर्षांचे. ते समाचाराला आले. बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "माझा एक धाकटा भाऊ होता. चार वर्षांचा. इकडे आल्यावर तापानं गेला. मी अजून दर वर्षी त्याचं वय मोजतो. आता ऐंशीच्या वर असता." एवढे बोलून त्यांनी चहा घेतला आणि माझ्या पुतण्याला जवळ बोलावून म्हणाले, "बेटा, तुझ्या वडिलांची खुर्ची आहे. शिकून झालं की ये."

त्या दिवशी मला त्यांच्या बोलण्याचा अर्थ लागला नव्हता. आता लागतो. वय मोजणे ही त्यांची आठवण आणि खुर्ची देणे ही त्यांची सेवा. नुसती मोजणी राहिली असती तर ती जखम राहिली असती.

तात्पर्य

या सर्व अभ्यासातून आचरणात आणण्याजोग्या चार गोष्टी हाती लागतात.

१. रडू आले तर रडावे, पण नेम सोडू नये. हरिपाठ म्हणताना कंठ दाटला तर दाटू द्यावा. त्या दिवशी सूर चुकला तरी पांडुरंग हिशेब धरत नाही.

२. ज्याने गेलेल्यावर रडणाऱ्याला भेटायला जायचे आहे त्याने ब्रह्मज्ञान घरी ठेवून जावे. शेजारी बसावे. देवाने निवृत्तिनाथांचे सांत्वन केले ते आधी त्यांच्याबरोबर उभे राहून.

३. भावाशी आपले काही चुकले असेल तर ते देवापुढे नाव घेऊन कबूल करावे, आणि त्याची भरपाई त्याच्या लेकरांत करावी.

४. गेलेल्याचे एखादे काम उचलावे. मोठे देऊळ नको, लहानसे चालेल.

शेवटच्या गोष्टीबद्दल थोडे सांगून लेख पुरा करतो. आळंदीहून आल्यावर एके दिवशी पुतण्या म्हणाला, "काका, बाबांचा पखवाज नुसता ठेवून पुडी खराब होईल." दोघांनी मिळून गवसणी काढली. पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावतात हे वाजवणारांना ठाऊक आहे. भजन संपले की ती खरवडून काढायची असते. धाकटा ती त्याच रात्री काढी, कधी चुकला नाही. त्या एकादशीला मात्र त्याच्याने झाले नव्हते. ती कणीक तशीच होती, वाळून दगडासारखी, आणि तिच्यावर त्याच्या तळव्याचा ठसा होता.

मी बराच वेळ बघत बसलो. पुतण्या काही बोलला नाही. मग ओले फडके ठेवून कणीक मऊ केली आणि हळूहळू काढली. तेव्हा मी रडलो, वर्षभराचे सगळे. पण हात काढीत होते. निवृत्तिनाथांनी शिळा कशी बसवली असेल याची एक कणभर कल्पना मला त्या वेळी आली.

पुडी एका बाजूला गेली होती, ती बदलून आणली. नवी कणीक भिजवून पुतण्याच्या हाताने लावली. आता दर रविवारी आळीतली सात-आठ मुले येतात. त्याने शिकवायला घेतलेली होती, अर्ध्यावर राहिली होती. माझा हात त्याच्याइतका नाही, हे मी मुलांना पहिल्याच दिवशी सांगितले. सांगताना पोटात खुपले नाही.

आषाढीच्या वाटेवर वेळापूरहून भंडीशेगावला जाताना टप्पा म्हणून ठिकाण आहे. तिथे माउलींची पालखी आणि सासवडहून आलेली सोपानकाकांची पालखी एकमेकींना भेटतात. दोन्हीकडचे मानकरी नारळ देतात-घेतात, लोक हात उंचावून नाव घेतात, आणि दोन्ही पालख्या पुढे एकाच गावाला निघतात. याला बंधुभेट म्हणतात. थोरला भाऊ आळंदीत बसला, धाकटा सासवडला, एका महिन्याच्या अंतराने. तरी दर वर्षी भेट चुकत नाही, कारण दोघांची वाट पंढरीची आहे.

यंदा मी त्या ठिकाणी उभा राहणार आहे. पखवाज पुतण्याच्या गळ्यात असेल आणि टाळ माझ्या हातात. त्या एकादशीला धाकट्याला टाळच हवा होता.

राम कृष्ण हरि.